समुपदेशकासमोर कोण बसते? एकट्याचे, जोडप्याचे आणि गटाचे समुपदेशन

सांगली-मिरजेच्या परिसरात समुपदेशकाला येणारा पहिला फोन पुष्कळदा ज्याला त्रास होतो आहे त्याचा नसतो. तो आईचा असतो, मेव्हण्याचा असतो, कधी शाळेतल्या सरांचा असतो, आणि मागणी बहुधा एकच असते : ‘त्याला जरा समजावून सांगा, तुमचं ऐकेल तो.’ या मागणीत माया आहे आणि काळजीही आहे. मात्र घरच्यांनी सांगून झालेलेच चार शब्द एखाद्या शिकल्या-सवरलेल्या माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकवणे म्हणजे समुपदेशन, हा समजही तिच्यात असतो. असा समज घेऊन आलेल्या कुटुंबाची पहिल्या दोन भेटींतच निराशा होते, कारण तिथे कोणी कोणाला समजावत नाही. उलट ज्याला घेऊन आलो त्यालाच आत बोलावले जाते, आपल्याला बाहेर बसवले जाते आणि तासाभराने दार उघडल्यावर ‘काय म्हणाला तो?’ या प्रश्नाचे उत्तरही मिळत नाही.

मानसिक आरोग्याचे समुपदेशन म्हणजे प्रशिक्षित व्यक्तीबरोबर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या उद्देशाने आणि आधी मान्य केलेल्या मर्यादांमध्ये होणारी बोलणी. ती एका व्यक्तीशी होतात, जोडप्याशी होतात किंवा सहा ते दहा-बारा जणांच्या गटाशी होतात. या तिन्हींमध्ये फक्त खुर्च्यांची संख्या बदलते असे वरवर पाहता वाटते. वास्तविक काम कोणावर चालले आहे तेच बदलते, आणि त्याबरोबर गुपित कोणाचे, निर्णय कोणाचा, यश कशाला म्हणायचे हेही बदलते. आपल्याकडे अनेकांचे समुपदेशन फसते ते समुपदेशक वाईट होता म्हणून नव्हे, तर चुकीच्या प्रकारात जाऊन बसल्यामुळे, असे मला वाटते. म्हणून हा फरक नीट समजून घेण्याजोगा आहे.

गरज किती मोठी आहे याचा अंदाज बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून येतो. त्यात पाहणीच्या वेळी सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि वेगवेगळ्या आजारांत उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. ते सर्वेक्षण ज्या १२ राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता; पण आपल्या जिल्ह्यात चित्र फार वेगळे असेल असे मानायला काही आधार दिसत नाही. झोप उडालेला माणूस आधी गोळी मागतो, मग ‘बाहेरचं काही झालंय का’ ते पाहायला देवऋषाकडे नेला जातो, आणि समुपदेशनाचा विचार सगळे करून थकल्यावर होतो.

एकट्याचे समुपदेशन

पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. त्रास कधीपासून आहे, झोप आणि भूक कशी आहे, कामात मन लागते का, घरात कोण कोण आहे, पूर्वी काही आजार झाला होता का, थायरॉईड तपासले आहे का, दारू-तंबाखू किती, असे प्रश्न विचारले जातात. थायरॉईडचा प्रश्न अनेकांना अनाठायी वाटतो. पण थायरॉईडचे विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही उदासी आणि थकवा येऊ शकतो, आणि तसे असेल तर नुसत्या बोलण्याने तो जाणार नाही. जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारले जाते. असे विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात शिरतो अशी भीती घरच्यांना वाटते, पण तसे होत नाही. कोणीतरी विचारले याने बहुतेकांना मोकळे वाटते.

त्यानंतरच्या भेटींत काय घडते ते समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. तासगाव तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार आहे. ऑक्टोबरमध्ये पीकछाटणी झाली, बाग फुलोऱ्यात आली आणि त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस लागून राहिला. डावणी आणि घडकूज या द्राक्षावरच्या रोगांनी निम्मा माल गेला, सोसायटीचे कर्ज थकले. आता त्याला रोज पहाटे तीनला जाग येते, दिवसा तो बागेकडे फिरकत नाही, पारावर जाऊन बसणे बंद झाले आहे आणि बायकोने काही विचारले की तो उठून जातो. घरचे त्याला धीर देतात, ‘अरे, सगळ्यांचीच गेली बाग, तू एकटा आहेस का?’ आणि त्याने तो आणखीच गप्प होतो.

समुपदेशक त्याला एक वही करायला सांगतो. एका रकान्यात काय घडले, दुसऱ्यात त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले, तिसऱ्यात त्यानंतर काय वाटले. पहिल्या आठवड्यात एवढेच लिहून येते : ‘बँकेचा फोन आला. मनात आले, मी संपलो. छातीत धडधड, दिवसभर पडून राहिलो.’ भेटीत या मधल्या रकान्यावर काम चालते. ‘संपलो’ म्हणजे नेमके काय झाले? किती कर्ज आहे, त्याचे पुनर्गठन होऊ शकते का, बाग काढावी लागणार आहे का, की एक हंगाम गेला आहे? नुकसान खरे आहे आणि ते नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण ‘यंदाचे पीक गेले’ आणि ‘मी संपलो’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि माणसाला पलंगावरून उठू देत नाही ते दुसरे वाक्य. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि आरन बेक यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत विकसित केलेल्या पद्धतींचा गाभा हाच आहे : घटना आणि भावना यांच्यामध्ये आपण त्या घटनेला दिलेला अर्थ असतो, आणि तो अर्थ तपासता येतो. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या संस्थेने मानसिक आरोग्याची भाषा मराठी घरांत पोहोचवली. त्यामुळे या विषयावर मराठीत बोलताना आपल्याला शब्द शोधत बसावे लागत नाही, हे आपले भाग्य मानले पाहिजे.

वहीच्या बरोबरीने दुसरे एक काम दिले जाते, जे ऐकायला अगदीच किरकोळ वाटते : सकाळी सात वाजता बागेत जायचे, औषध मारायला नव्हे, छाटायला नव्हे, नुसता पंधरा मिनिटे बांधावरून फेरफटका मारायचा आणि परत यायचे. उदासीत माणूस उमेद येण्याची वाट पाहत बसतो आणि ती आली की काम करीन असे म्हणतो; ती येत नाही, काम राहते आणि राहिलेल्या कामाने उदासी वाढते. उपचारात हा क्रम उलटा केला जातो, म्हणजे आधी छोटी कृती आणि मागून उमेद. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने या तत्त्वावर बेतलेला सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम प्राथमिक आरोग्य केंद्रांत राबवला. भेटी घेणारे डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. तरीही नैराश्य कमी झाल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्यासारख्या जिल्ह्यासाठी हा फार दिलासा देणारा निष्कर्ष आहे.

या सगळ्यात समुपदेशकाचे वागणे कसे असावे हे कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडले. समोरच्याचे जग त्याच्या जागी उभे राहून पाहणे, त्याला अटी न घालता स्वीकारणे आणि स्वतः खोटे न वागणे या त्याच्या तीन प्रमुख अटी होत्या. घरच्या माणसांना यातली दुसरी अट पाळता येत नाही आणि तो त्यांचा दोष नाही. ज्याच्या बागेवर घर चालते त्याच्याकडे भाऊ किंवा बायको तटस्थपणे पाहू शकत नाहीत.

शेतकरी कुटुंबात आणखी एक गोष्ट सांगितली जाते आणि ती मी इथे मुद्दाम लिहितो. माणूस जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल तर घरातली आणि शेडमधली कीटकनाशके कुलूपबंद करावीत, शक्यतो दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत. आत्महत्येची ऊर्मी अनेकदा काही मिनिटांची किंवा तासांची असते, आणि त्या वेळात हाताशी विष नसणे हाच जीव वाचण्याचा मार्ग ठरतो. आत्महत्येचा प्रयत्न झाल्यास पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात नेण्यास उशीर करू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा करता येत नाही, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर येते.

औषधांविषयी थोडक्यात. औषध लिहून देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञाला, म्हणजे वैद्यकीय पदवी असलेल्या डॉक्टरला आहे. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक औषध देत नाहीत. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात, त्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही, पण त्या मनाने अचानक बंदही करू नयेत. कानात आवाज येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की खात्री होणे, दिवसेंदिवस झोप न घेता प्रचंड उत्साहात असणे, अशी लक्षणे असतील तर आधी डॉक्टरांकडे जावे; समुपदेशन त्यानंतर आणि त्याच्या जोडीने करावे.

जोडप्याचे समुपदेशन

इथे दोन माणसे समोर बसलेली असतात, तरी काम त्या दोघांपैकी कोणावरही चाललेले नसते. काम चाललेले असते त्यांच्यामध्ये जे वारंवार घडते त्यावर. हे लक्षात आले नाही की दोघेही समुपदेशकाला न्यायाधीश समजतात आणि प्रत्येक भेटीत आपली बाजू भक्कम करायला पुरावे आणतात, कोणी फोनवरचे संदेश दाखवतो, कोणी माहेरच्यांची साक्ष काढतो.

विटा, खानापूर, आटपाडी या भागांतली हजारो कुटुंबे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायात आहेत आणि त्या निमित्ताने देशभर विखुरलेली आहेत. समजा, नवरा कोइमतूरला दुकानात आहे आणि बायको दोन मुलांना घेऊन गावी सासू-सासऱ्यांजवळ आहे. रात्री साडेनऊचा फोन असा होतो :

‘जेवलात का?’
‘हं.’
‘आज गिऱ्हाईक होतं का?’
‘होतं.’
‘आत्यांनी विचारलंय, पैसे कधी पाठवणार?’
उत्तर नाही.
‘मी काय विचारतेय? ऐकू येतंय ना?’
‘तुला पैशाशिवाय दुसरं काही सुचत नाही का?’

आणि फोन बंद. तिने पुन्हा लावला, त्याने उचलला नाही, तिने सात वेळा लावला, त्याने मोबाईलच बंद केला. तिच्या दृष्टीने गोष्ट सरळ आहे : तो बोलत नाही म्हणून मला विचारावे लागते. त्याच्या दृष्टीनेही सरळच आहे : ती विचारत राहते म्हणून मला गप्प बसावे लागते. दोघेही आपापल्या परीने खरे सांगत असतात. एकाने मागे लागायचे आणि दुसऱ्याने माघार घ्यायची, हे चक्र दांपत्यसंबंधांच्या अभ्यासात फार पूर्वीपासून ओळखले गेले आहे, आणि ते एकदा फिरू लागले की सुरुवात कोणी केली या प्रश्नाला अर्थ उरत नाही. समुपदेशक हे चक्र कागदावर काढून दोघांसमोर ठेवतो. मग तो तिला विचारतो की फोन बंद होतो त्या क्षणी मनात काय येते, आणि ती सांगते की सासरच्या घरात आपण आणि मुले वाऱ्यावर पडलो असे वाटते. त्याला विचारल्यावर, बऱ्याच वेळाने, तो सांगतो की दोन महिने दुकानाचे भाडेच कसेबसे निघते आहे, आणि तिने पैशाचा विषय काढला की आपण नालायक ठरलो असे वाटते. पैशाची ही अडचण त्या दिवसापर्यंत तिला माहीतच नसते.

अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, त्यांची बोलणी चित्रित करून आणि नाडीचे ठोके मोजून अनेक वर्षे अभ्यास केला. संबंध पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या : वागण्यावर बोलण्याऐवजी माणसावरच दोष ठेवणे, तुच्छतेने बोलणे, प्रत्येक गोष्टीला उलट बचाव करणे आणि भिंतीसारखे गप्प होणे. यांतली तुच्छता सर्वांत घातक. भांडताना नाडी मिनिटाला शंभराच्या पुढे गेली की समोरच्याचे ऐकून घेण्याची क्षमताच घटते, आणि शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटे लागतात, हेही त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. यातून एक साधा नियम निघतो, जो वरच्या जोडप्याला उपयोगी पडतो. त्याने गप्प न होता म्हणायचे, ‘आत्ता माझ्याच्यानं बोलवत नाही, अर्ध्या तासाने मी फोन करतो,’ आणि अर्ध्या तासाने खरोखरच करायचा. तिने त्या अर्ध्या तासात पुन्हा लावायचा नाही. यातला फोन करण्याचा भाग त्याने चुकवला तर सगळा नियम कोसळतो, म्हणून पहिले काही आठवडे भेटीत फक्त एवढेच तपासले जाते.

गॉटमन यांचा दुसरा एक निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कधीच पुरते सुटत नाहीत, कारण ते स्वभावातल्या आणि जगण्याच्या पद्धतीतल्या फरकांतून आलेले असतात. सुखी जोडप्यांतही ते असतातच, फक्त त्यांना त्या वादांविषयी कडवटपणा न येता बोलता येते. त्यामुळे ‘आमची भांडणे बंद करा’ हे उद्दिष्ट घेऊन आलेल्यांचे उद्दिष्ट पहिल्या काही भेटींत बदलावे लागते. कधी कधी दोघे वेगळे होण्याच्या निर्णयाशी येऊन पोहोचतात. मुलांना मध्ये न ओढता ते पार पडले, तर समुपदेशन वाया गेले असे म्हणता येत नाही.

जोडप्याच्या समुपदेशनात गुपिताचा प्रश्न नाजूक असतो. सुरुवातीला बरेच समुपदेशक दोघांना एकेकटे भेटतात. त्या भेटीत एकाने दुसऱ्यापासून लपवलेली गोष्ट सांगितली तर समुपदेशक काय करणार, हे आधीच ठरलेले आणि दोघांना सांगितलेले असले पाहिजे. काही जण ‘जे मला सांगाल ते योग्य वेळी जोडीदारालाही सांगावे लागेल’ असा नियम ठेवतात, काही जण ठेवत नाहीत. पहिल्या भेटीत हे विचारून घ्यावे. सासू-सासऱ्यांना बोलवायचे असेल तर दोघांचीही संमती लागते.

आणि एक मर्यादा अगदी ठामपणे सांगायला हवी. घरात मारहाण, धमक्या किंवा जबरदस्ती असेल तर दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करू नये. जी बाई भेटीत खरे बोलेल तिला त्या रात्री घरी त्याची किंमत मोजावी लागू शकते, आणि ‘दोघांच्या चक्रावर’ काम करायचे म्हटले की माराची निम्मी जबाबदारी तिच्याही माथी येते. तिथे आधी सुरक्षितता, मग बाकी सारे. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाईन आहे, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ आहे, आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईत पोलीस यंत्रणेच्या आवारात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आता राज्यभर पोहोचला आहे. कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशन हे आणखी वेगळे. ते १९८४ च्या कायद्यानुसार दावा दाखल झाल्यावर, तडजोडीची शक्यता तपासण्यासाठी होते. ते उपचार म्हणून दिले जात नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

गटाचे समुपदेशन

गटात आजार किंवा अडचण सारखी असलेली सहा ते दहा-बारा माणसे आठवड्यातून एकदा, साधारण दीड तास भेटतात. ‘माझे दुःख मी दहा परक्यांसमोर का मांडू?’ हा पहिला आक्षेप असतो, आणि आपल्यासारख्या जिथे कोणी ना कोणी पाहुणा निघतोच अशा गावांत तो रास्तही आहे.

या पद्धतीचा उगम मनोविकारांच्या दवाखान्यात नव्हे, तर क्षयरोग्यांमध्ये झाला. १९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी सॅनिटोरियम न परवडणाऱ्या गरीब क्षयरोग्यांचा आठवडी वर्ग सुरू केला. विश्रांती, मोकळी हवा आणि वजनाची नोंद शिकवणे एवढाच हेतू होता. पण एकमेकांना पाहून, एकमेकांची वाढलेली वजने ऐकून रुग्णांची उमेद वाढते असे त्यांच्या लक्षात आले. ज्या सांगली-मिरजेच्या मधोमध वॉनलेसवाडीचे क्षयरोग्यांचे रुग्णालय उभे राहिले, तिथल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. पुढे १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ सुरू झाली. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने १९८६ पासून व्यसनमुक्तीत गटाचे बळ वापरले, आणि शेजारच्या साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचे काम करते.

गटात काय घडते? सांगलीकरांना जवळचे उदाहरण महापुराचे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्यानंतर पावसाळा लागला की अनेकांच्या मनात कोयनेच्या विसर्गाचे आकडे घोळत राहतात. अशा आठ बायकांचा गट डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दोन भेटींत कोणी फारसे बोलत नाही. मग एक जण खाली मान घालून सांगते की पाऊस वाढला की ती रात्री दोनदा उठते, मुलांचे दाखले आणि घराची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत ना ते पाहते आणि पिशवी पुन्हा माळ्यावर ठेवते. घरचे तिला वेड लागले म्हणतात. दुसरी म्हणते, ‘मी तर पिशवी उशाशी घेऊनच झोपते, ताई.’ तिसरी सांगते की तिने वरच्या मजल्यावर भाड्याने खोली पाहून ठेवली आहे आणि नवऱ्याला अजून सांगितलेले नाही. समुपदेशकाने या बायकांना ‘असे इतरांनाही होते’ असे सांगितले असते तर त्याचा परिणाम झाला नसता. ते त्यांनी आता प्रत्यक्ष पाहिले. गटोपचारांचे अभ्यासक अर्विन यालोम यांनी गटात गुणकारी ठरणारे अकरा घटक नोंदवले आहेत. ‘हे फक्त मलाच होत नाही’ ही जाणीव त्यांतला एक, आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडल्याने स्वतःला बरे वाटणे हा दुसरा. उशाशी पिशवी घेणाऱ्या बाईने पहिलीला धीर दिला तेव्हा दोघींचेही काम झाले.

त्यानंतर गट पुढे सरकतो. कागदपत्रांच्या पडताळणीची वेळ दिवसातून एकदाच, संध्याकाळी सहाला ठेवायची आणि रात्री उठायचे नाही. पुराच्या बातम्या फक्त अधिकृत ठिकाणी आणि दिवसातून दोनदाच पाहायच्या. पुढच्या भेटीत कोणाला जमले, कोणाला नाही ते सांगायचे. इथे समुपदेशकाचे कौशल्य कमी बोलण्यात असते. सतत बोलणाऱ्याला थांबवणे, गप्प असणाऱ्याला न ढकलता जागा करून देणे, आणि एकीने दुसरीला उपदेश सुरू केला की ‘तुमच्या बाबतीत काय झाले ते सांगा’ म्हणून तिला परत तिच्या अनुभवाकडे आणणे, हे त्याचे काम.

मात्र आपत्ती ओसरल्या ओसरल्या लोकांना गोळा करून ‘काय घडले ते सविस्तर सांगा’ म्हणून बोलते करणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटना तसे न करण्याची शिफारस करते. त्या दिवसांत निवारा, अन्न, औषधे, हरवलेल्यांशी संपर्क आणि ज्याला बोलायचे आहे त्याचे शांतपणे ऐकणे, एवढे पुरे. गट नंतरचा, ज्यांचा त्रास काही आठवड्यांनीही उतरत नाही त्यांच्यासाठी. ज्याला तातडीचा आत्महत्येचा धोका आहे, ज्याला भास होत आहेत किंवा जो नशेत येतो, त्यालाही त्या अवस्थेत गटात बसवत नाहीत.

गुपिताच्या बाबतीत गट सर्वांत कच्चा असतो आणि हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. समुपदेशक व्यवसायाच्या नियमांनी बांधलेला असतो. गटातले सदस्य केवळ शब्दाने बांधलेले असतात. म्हणून पहिल्याच बैठकीत तो शब्द घेतला जातो, गटात येण्यापूर्वी प्रत्येकाची वेगळी भेट होते, आणि जवळचे नातेवाईक किंवा एकाच कार्यालयातले वरिष्ठ-कनिष्ठ एका गटात घेतले जात नाहीत. सांगलीसारख्या ठिकाणी शेजारच्या तालुक्यातल्या गटात जाण्याचा पर्याय विचारण्यात काही गैर नाही.

निवड कशी करावी

त्रास प्रामुख्याने स्वतःच्या मनात आणि शरीरात आहे, म्हणजे भीती, उदासी, झोप, जुना आघात, तर एकट्यापासून सुरुवात करावी. दोघेही यायला तयार आहेत, मारहाण नाही आणि त्रास एकमेकांशी वागण्यातला आहे, तर जोडप्याचे समुपदेशन निवडावे. जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्याने गेले तरी चालते. चक्रातल्या एकाने पाऊल बदलले तरी चक्राचा वेग बदलतो. व्यसन, दुःखद वियोग, दीर्घ आजार, मानसिक रुग्णाची देखभाल करणारे कुटुंबीय यांना गट विशेष मानवतो. दारू सोडणाऱ्याला एकट्याचे समुपदेशन आणि गट, त्याच्या पत्नीला स्वतंत्र कुटुंबीयांचा गट, आणि काही महिन्यांनी दोघांना एकत्र, असा क्रमही लावला जातो. दारू सुटण्याआधीच जोडप्याचे समुपदेशन सुरू केले की पुष्कळदा ते कालच्या रात्रीवरच्या वादात संपते.

माणूस कसा निवडावा? आपल्या देशात ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला फारशी आडकाठी नाही, म्हणून शिक्षण विचारण्यात संकोच करू नये. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो नोंदणी क्रमांक मागता येतो. एका भेटीत बरे करण्याची हमी देणारा, चालू औषधे बंद करायला सांगणारा, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी ओळखू येतील अशा रीतीने सांगणारा किंवा अंगारे-धुपारे सुचवणारा माणूस टाळावा.

मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा अधिकार दिला आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद होतो, आणि बालकावरील लैंगिक अत्याचार समजल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक आहे. एवढे सोडले तर बाहेर बसलेल्या मामांना काही सांगितले जात नाही. लग्नात किंवा बाजारात समुपदेशक समोर आला तरी तो आपण होऊन ओळख दाखवत नाही. त्याने तोंड फिरवले असे वाटून घेऊ नये.

खर्चाची अडचण असेल तर मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी संलग्न सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय येथे मानसोपचारांविषयी चौकशी करावी. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. ज्याला दवाखान्याच्या दारात ओळखीचे कोणी भेटेल अशी धास्ती वाटते त्याने इथून सुरुवात करावी.

तीन-चार भेटींनंतरही काहीच हलत नसेल तर ते समुपदेशकाला तोंडावर सांगावे. चांगला समुपदेशक त्यावर दुखावत नाही. तो पद्धत बदलतो, वेगळा प्रकार सुचवतो किंवा दुसऱ्याकडे पाठवतो. आणि बरे वाटू लागले की भेटी एकदम तोडत नाहीत, आठवड्यावरून पंधरवड्यावर आणि मग महिन्यावर नेतात. शेवटच्या भेटींत त्रास परत येत असल्याच्या खुणा लिहून काढल्या जातात : तासगावच्या त्या बागायतदाराच्या वहीत त्या ‘आठवडाभर पहाटे तीनला जाग’ आणि ‘बांधावरची फेरी चुकली’ अशा असतील. त्या दिसल्या तर कोणाला फोन करायचा ते खाली लिहिलेले असते, आणि पुढच्या पीकछाटणीनंतरच्या आठवड्यातली एक भेट त्याच दिवशी ठरवून ठेवली जाते.